सायलेन्सरमधला हीटर

बऱ्हाणपुरात मे महिन्याच्या दुपारी शनवाऱ्याजवळ उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या दाराला हात लावणं कठीण होतं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असतो. नेमक्या अशाच दिवशी डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि सांगतो, "भाऊ, ओटू सेन्सरचा हीटर बोलतोय." बोनेटखाली अंड्याचं ऑम्लेट व्हावं असा उन्हाळा, आणि त्यात गाडीला आणखी हीटर कशाला हवा?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की चव्वेचाळीस अंश ही त्या ओटू, म्हणजे धुरातला ऑक्सिजन जोखणाऱ्या, सेन्सरच्या लेखी कडाक्याची थंडी आहे. सव्वातीनशे-साडेतीनशे अंशांच्या खाली तो कामच करत नाही, आणि सहाशेच्या आसपास त्याचं काम सगळ्यात चोख चालतं. इंजिनाचा धूर त्याला तापवतो खरा, पण गाडी नुकतीच सुरू झाली असेल, सिग्नलला उभी असेल किंवा बाजारातून रांगत चालली असेल तर ती ऊब पुरत नाही. म्हणून सेन्सरच्या पोटात विजेचा छोटा हीटर बसवलेला असतो. गाडी सुरू झाल्यावर तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास सेन्सरला कामाच्या तापमानापर्यंत नेतो.

या सेन्सरचं मर्म म्हणजे झिर्कोनियाचा, अर्थात झिर्कोनियम ऑक्साइडचा, एक चिनी मातीसारखा दिसणारा तुकडा. हा पदार्थ आपल्या घरात नवा नाही. सराफाकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून जे खडे मिळतात ते झिर्कोनियाचेच. त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलं की स्फटिकात एक गंमत घडते. झिर्कोनियमच्या अणूवर चार धन भार असतात, यिट्रियमवर तीनच. हिशेब जुळावा म्हणून दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. तापमान वाढलं की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत पुढे सरकतात. थंड असताना ते जागचे हलत नाहीत.

सेन्सरच्या या भिंतीच्या एका बाजूला बाहेरची स्वच्छ हवा असते, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा विजेचा दाब निर्माण होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त पडलं की धुरात ऑक्सिजन उरत नाही, मग सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. हवा जास्त झाली की ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे वजनाने सुमारे १४.७ भाग, हा समतोल ओलांडला जातो त्या क्षणी हा आकडा झपकन वरून खाली किंवा खालून वर जातो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तो पाहून इंधन कमी-जास्त करत राहतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचा निकाल लावतो तो याच समतोलाच्या भरवशावर. सेन्सर थंड असेल तर ईसीयूला तिथे फक्त ०.४५ व्होल्टच्या आसपासची निर्जीव सरळ रेघ दिसते. मग तो अंदाजाने, सहसा हात थोडा सैल सोडून, पेट्रोल टाकतो.

झिर्कोनियाला आधी तापवावं लागतं, ही अडचण मोटारीतल्या सेन्सरच्याही आधीची. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये विजेचा एक दिवा बनवला. त्यातली प्रकाश देणारी कांडी याच झिर्कोनिया आणि यिट्रियाच्या मिश्रणाची होती. एडिसनच्या कार्बनच्या तारेपेक्षा तिचा उजेड पांढरा आणि किफायतशीर होता. पण बटण दाबल्यावर दिवा लागेच ना, कारण थंड कांडीतून वीज जात नव्हती. सुरुवातीला तिला ज्योत दाखवून तापवावं लागे. पुढे कांडीशेजारी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं बसवलं. आधी ते तापायचं, त्याच्या उबेने कांडी पेटायची, आणि कांडीतून वीज वाहू लागली की एक विद्युतचुंबक त्या वेटोळ्याचा प्रवाह तोडायचा. आजच्या सेन्सरमधल्या हीटरचा हा आजोबाच. एईजी कंपनीने हे पेटंट विकत घेतलं, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले, आणि टंगस्टनच्या तारेचे बल्ब आल्यावर विस्मरणात गेले. नेर्न्स्ट यांना १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. पण ऑक्सिजनच्या तफावतीतून किती व्होल्ट मिळतील हे सांगणारं समीकरणही त्यांच्याच नावाचं आहे. गृहस्थ मोटारींचे भारी शौकीन होते. आपल्या दिव्याची कांडी आणि आपलं समीकरण पुढे मोटारीच्या सायलेन्सरमध्ये एकत्र नांदतील, याची त्यांना कल्पना नसणार.

बॉश कंपनीचा 'लॅम्डा' सेन्सर, म्हणजे हाच ओटू सेन्सर, १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांमध्ये आला, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी. त्याला एकच तार होती आणि हीटर नव्हता. त्यामुळे तो इंजिनाला अगदी खेटून बसवावा लागे आणि तरीही उशिरा जागा होई. हीटरवाला सेन्सर १९८२ चा. आपल्याकडे शिसंमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झालं, तेव्हा हे सेन्सर नीट टिकण्याची सोय झाली, कारण शिशाने त्यांना विषबाधाच होते. आता बीएस-६ च्या पेट्रोल गाडीत कमीत कमी दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. मोटारसायकलीतही एखादा असतोच. इतकंच काय, बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातून केळी घेऊन निघणाऱ्या नव्या डिझेल ट्रकांवरचा नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा, सेन्सरही झिर्कोनियाचाच आणि हीटरवालाच.

आता बिघाडाकडे येऊ. स्कॅनरवर पी-०१३५ आला तर पुढच्या सेन्सरचा हीटर, पी-०१४१ आला तर मागच्याचा. पी-००३१ आणि पी-००३२ हे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या नियंत्रण तारेवरचा दाब अनुक्रमे कमी किंवा जास्त असल्याचे कोड. हे आकडे बघून बरेच जण थेट नवा सेन्सर मागवतात. माझा आक्षेप इथेच आहे. कोड सांगतो की हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, कपलर आहे, दोन-तीन मीटर तार आहे, ईसीयूच्या आतला स्विच आहे, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर आहे. वीस-तीस रुपयांच्या फ्यूजसाठी काही हजारांचा सेन्सर बदलला गेला, आणि दिवा तरी पेटलेलाच राहिला, तर दोष गाडीचा नाही.

हे सर्किट समजायला सोपं आहे. बहुतेक गाड्यांत हीटरच्या एका टोकाला चावी फिरवली की फ्यूजमधून बारा व्होल्ट मिळतात. दुसरं टोक ईसीयूकडे जातं आणि ईसीयू ते सेकंदात अनेकदा जमिनीला जोडून-तोडून तापमान सांभाळतो. म्हणून पी-००३१ चा अर्थ बहुधा असा होतो की ईसीयूपर्यंत बारा व्होल्ट पोचतच नाहीत: फ्यूज उडालाय, तार तुटलीय, हीटरची तार आतून तुटलीय, किंवा नियंत्रण तार कुठेतरी बॉडीला टेकलीय. आणि पुढच्या-मागच्या दोन्ही सेन्सरचे हीटर एकदमच बोलू लागले तर आधी फ्यूज आणि रिले बघावा. दोन हीटर एकाच दिवशी जळणं क्वचितच घडतं. तोच फ्यूज पुष्कळदा आणखी एखाद्या व्हॉल्व्हलाही वीज देतो, म्हणून त्याचाही कोड आलाय का ते पाहायचं.

त्यानंतर डोळ्यांचं काम. मागचा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो. खडी, स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातलं पाणी यांचा पहिला मार त्याच्या तारेला बसतो. क्लिप निसटून तार सायलेन्सरला टेकली की तिचं आवरण वितळतं. उंदरांनी कुरतडलेली तार हा तर आपल्याकडचा जुना रोग. शेताजवळ किंवा गोदामाशेजारी गाडी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग मल्टिमीटर. चार तारांच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा दोन सारख्या रंगाच्या तारा, बॉशच्या पद्धतीत पांढऱ्या, हीटरच्या असतात. कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूला त्या दोघींमधला रोध मोजायचा. गाडीनुसार तो काही ओहमपासून पंधराएक ओहमपर्यंत असतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर आतून तुटलाय. शून्याजवळ आला तर शॉर्ट, आणि अशा वेळी नवा फ्यूज घातला तरी तोही उडणार. हीटरची तार आणि सेन्सरची लोखंडी बॉडी यांच्यात मात्र काहीही जोड दिसता कामा नये.

इथे बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्याचा खरा संबंध येतो. पुस्तकात दिलेला रोध सहसा वीस अंशांवरचा असतो. प्लॅटिनमसारख्या धातूचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांना ९ ओहम असलेला हीटर सावलीतल्या पंचेचाळीस अंशांना ९.९ ओहम दाखवेल. तो निर्दोष आहे. पण नुकत्याच बंद केलेल्या गाडीवर, सेन्सर दीडशे अंशांना असताना मोजलं तर तोच आकडा साडेतेरापर्यंत जातो, आणि चांगला सेन्सर भंगारात निघू शकतो. म्हणून हे माप सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर घ्यावं. रोधाच्या या वाढीचा उपयोगही होतो: हीटर तापत गेला की आपोआप कमी वीज ओढतो.

सगळ्यात फसवी जागा कपलरची. समजा त्याच्या पिनेवर हिरवट गंज चढलाय आणि तिथे १० ओहमचा अडथळा तयार झालाय. सुट्या कपलरमध्ये मल्टिमीटर लावला तर तो बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. मिस्त्री म्हणेल, सप्लाय येतोय, सेन्सर गेला. पण प्रत्यक्ष ९ ओहमचा हीटर जोडल्यावर त्याच्या वाट्याला सहा व्होल्टच उरतात, आणि उष्णता मिळते चौथ्या हिश्श्याहूनही कमी. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प इथे महागड्या मीटरपेक्षा खरं बोलतो. तो वीज ओढतो, त्यामुळे गंजलेल्या जोडणीतून मंद पेटतो. तोच दिवा बॅटरीच्या धन टोकाला आणि कपलरमधल्या ईसीयूच्या तारेला लावून इंजिन सुरू केलं की तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल तर ईसीयूपर्यंतची तार तपासावी. मात्र काही नव्या गाड्यांत ईसीयू हीटर जोडलेला नसला की स्विच चालवतच नाही, त्यामुळे या एकाच खुणेवरून ईसीयूला दोषी ठरवू नये. बल्बही छोटाच घ्यावा. हेडलाइटचा बल्ब जोडला तर ईसीयूचा स्विच खराब होऊ शकतो.

हीटर जळतो कशामुळे? वय हे एक कारण. दुसरं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब जमतात. लालबुंद तापलेल्या झिर्कोनियावर असा थेंब पडला की तो तडकतो, आणि त्याच्याबरोबर हीटरची बारीक तारही जाते. म्हणूनच ईसीयू सुरुवातीला पूर्ण ताकदीने हीटर लावत नाही, नळी सुकण्याची वाट बघतो. शनवाऱ्याहून लालबागच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत, एवढंच ज्या गाडीचं आयुष्य आहे, तिची नळी फार क्वचित पूर्ण सुकते. हायवेवर पळणाऱ्या गाडीत उलट प्रकार असतो. तिथे धूरच इतका तापलेला असतो की हीटर मेलेला असूनही सेन्सर ठीक चालतो, ॲव्हरेज बिघडत नाही, आणि मालक म्हणतो, दिवा उगाच लागलाय.

सेन्सर खरोखरच गेला असेल तर बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, हीटरचा रोध मूळ सेन्सरशी जुळला पाहिजे. तारा जुळल्या म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूची जी स्वच्छ हवा, ती बऱ्याच सेन्सरमध्ये तारेच्या आतल्या बारीक पोकळीतून येते. तारेला डाग देऊन जोड मारला, कपलरमध्ये ग्रीस भरलं, तर सेन्सरचा श्वासच कोंडतो. जोड द्यायचाच असेल तर दाबून बसवणाऱ्या स्लीव्हने द्यावा. सिलिकॉनचा स्प्रे आणि सीलंट दूर ठेवावं, त्याच्या वाफेने सेन्सरच्या टोकावर थर बसतो.

काही ठिकाणी हीटरच्या जागी दहा ओहमचा रेझिस्टर जोडून देतात. ईसीयूला वीज गेलेली दिसते, कोड जातो, दिवा विझतो. पण सेन्सर थंडच राहतो आणि रोज सकाळी गाडी जादा पेट्रोल पीत राहते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत आता लॅम्डाही, म्हणजे हवा-पेट्रोलचा समतोलही, मोजतात, तिथे हे सोंग उघडं पडू शकतं. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

काम झाल्यावर कोड पुसला आणि असीरगडपर्यंत एक चक्कर मारून आलो, दिवा लागला नाही, म्हणून हिशेब मिटवण्याची रीत आहे. त्या वाटेवरच्या घाटात सेन्सर धुरानेच तापलेला असतो, त्यामुळे हीटर सुधारला की नाही हे तिथे कळत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी स्कॅनर लावूनच सुरू करावी. जागच्या जागी, ॲक्सिलेटर न दाबता, पुढच्या सेन्सरची रेघ अर्ध्या-एक मिनिटात ०.४५ सोडून वर-खाली होऊ लागली, आणि स्कॅनरवर हीटर मॉनिटर, म्हणजे ईसीयूने स्वतः केलेली हीटरची तपासणी, पूर्ण झाल्याची नोंद आली, तर मिस्त्रीचे पैसे द्यायला हरकत नाही.