लोणा भिंतीचा, लोणा शेताचा

पावसाळा सरला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने दोन्ही एकदमच सांगितल्या. जुन्या भोपाळात त्यांचे आजोबांच्या वेळचे चुन्याच्या बांधणीचे घर आहे. भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागला आहे आणि ठेकेदार म्हणतो, "पाडा आणि नवे बांधा." दुसरी तक्रार त्यांच्या मेव्हण्याची. अलिबागकडे त्याची भाताची खाचरे आहेत. बांध फुटून उधाणाचे पाणी आत आले आणि वाफ्यांवर मिठाचा पांढरा थर बसला. "फादर, घर पाडावे का आणि शेत सोडावे का?" असे त्यांनी विचारले.

प्रश्न दोन दिसतात, पण मूळ एकच आहे, म्हणून या पानावर दोन्हींचा एकत्र विचार करू.

लोणा म्हणजे काय?

दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वीट, दगड आणि चुना जमिनीतील पाणी वर ओढतात. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी वाळून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक होताना ते फुगतात आणि विटेच्या बारीक छिद्रांवर आतून दाब देतात. मग विटेची भुकटी पडू लागते. लोणा हा भिंतीचा रोग नव्हे, तर पाणी वाट चुकल्याची ती खूण आहे.

शेतातही हेच घडते. जमिनीखालचे पाणी फार वर आले की ऊन ते ओढून घेते आणि क्षार मातीवर ठेवते. हे पाहायला समुद्रावर जायला नको. आपल्या शेजारच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७०च्या दशकात तवा धरणाचे पाणी कालव्यांतून सुटले. काळ्या जमिनीत पाणी मुरून साचू लागले, शेते चिबडली आणि १९७७ साली शेतकऱ्यांना 'मिट्टी बचाओ' आंदोलन उभारावे लागले. पाणी आणण्याची सोय झाली होती, पण ते काढून देण्याची पुरेशी सोय झाली नव्हती.

भोपाळच्या वास्तूंचे काय झाले?

आपल्या शहरातच दोन उदाहरणे आहेत. शाहजहान बेगमांनी १८७१ ते १८८४ या काळात ताजमहाल हा आपला राजवाडा बांधला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तेथे राहिली. ती गेल्यावर वाडा बराच काळ रिकामा पडला. छपराची पन्हळ तुंबली तर ती साफ करायला कोणी नव्हते, भिंतीत पिंपळ रुजला तर तो उपटायला कोणी नव्हते. वाड्याची पडझड झाली. त्याहून पन्नास वर्षे जुना, कुदसिया बेगमांचा १८२० सालचा गोहर महाल मोठ्या तलावाच्या काठी आहे, म्हणजे ओलाव्याच्या अगदी शेजारी. त्याची दुरुस्ती झाली, तेथे हस्तकलेची प्रदर्शने भरू लागली आणि तो उभा आहे.

जुन्या शहराच्या तटाला एकेकाळी अनेक दरवाजे होते. आता थोडेच उरले आहेत. इतवारा, बुधवारा ही नावे मात्र रोज आपल्या तोंडी असतात. एखादी वास्तू धोकादायक ठरवून पाडली जाते, तेव्हा "वय झाले होते" असे लोक म्हणतात. बहुधा वय हे कारण नसते. वर्षाची डागडुजी ज्या वर्षी बंद पडली, त्या वर्षीच ती वास्तू पडायला लागलेली असते.

जुनी भिंत कशी सांभाळावी?

१. आधी पाणी शोधा. पन्हळ गळते का? मोरीचे पाणी जोत्याशी मुरते का? बाहेरचा रस्ता भराव घालून उंच झाला आहे का? भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. निम्मे काम येथेच होते.

२. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, नाही तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. झाडलेली पूड भिंतीच्या पायथ्याशी न ठेवता दूर टाका.

३. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ही चूक सर्वात जास्त होते. चुना ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट तो आत कोंडते, मग पाणी आणखी वर चढते आणि दोन-चार वर्षांत लोणा गिलाव्याच्या वर दिसू लागतो. जुन्या भिंतीला चुनाच लावावा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू किंवा विटांची सुरखी दोन ते तीन भाग घ्यावी. दरजाही त्यानेच भराव्यात.

४. पिंपळ, वड, उंबर यांचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. मूळ जाड झाल्यावर ओढले तर दगडही निघतो.

५. भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहा. पट्टा तडकला नाही तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. तडकला तर भिंत अजून हलते आहे.

एक इशारा. चुना भिजवताना तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवा. डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भिंत बाहेर कलली असेल, तुळई वाकली असेल किंवा पट्टा पुन्हा पुन्हा तडकत असेल, तर आधी माणसे बाहेर काढा आणि मग जाणकार इंजिनिअरला दाखवा. माणसापेक्षा भिंत मोठी नाही. पण केवळ लोणा दिसतो म्हणून घर पाडणे म्हणजे ताप आला म्हणून माणसाची आशा सोडण्यासारखे आहे.

भोजाचा बांध

आता भिंतीकडून बांधाकडे वळू. बांध म्हणजे पाणी अडवणारी भिंतच. कमला पार्कमधून आपण चालतो, तेव्हा पायांखाली एक जुना मातीचा बांध असतो. कोलांस नदीवरील या बांधाने मोठा तलाव झाला. परंपरेने तो अकराव्या शतकातील परमार राजा भोज याचा मानला जातो. भोजपूरला याच राजाचा दुसरा, याहून मोठा तलाव होता. त्याच्या बांधात मधे माती आणि दोन्ही अंगांना बिनचुन्याचे, नेमके बसवलेले प्रचंड दगड होते. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो फोडला. फोडायलाच फौजेला तीन महिने लागले आणि तलाव रिता व्हायला तीन वर्षे, असे लोक सांगत आले आहेत. आज त्या तळावर गहू पिकतो.

म्हणजे एक बांध माणसाने फोडला म्हणून गेला, दुसरा माणसाने राखला म्हणून राहिला. राखणे म्हणजे नुसते अडवणे नव्हे. तलावाचे जादा पाणी सोडण्यासाठी १९६५ साली भदभद्याला अकरा दरवाजांचे धरण झाले. बांधाला पाण्याची वाट लागतेच. भोपाळ शहर आजही या तलावाचे पाणी पिते. हा तलाव २००२ सालापासून रामसर यादीत आहे.

समुद्राचा बांध

मेव्हण्याच्या खाचराचा बांध याच जातीचा आहे. फरक एवढाच की भोजाचा बांध गोडे पाणी आत ठेवतो आणि खारभूमीचा बांध खारे पाणी बाहेर ठेवतो. रायगड जिल्ह्यात खाडीच्या कडेने चिकणमातीचे बांध घालून पिढ्यान्पिढ्या भात पिकवले गेले. बांधात उघाडी असते. भरतीचे पाणी तिचे दार बाहेरून दाबून बंद करते, आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. गोव्यात अशा जमिनीला खाजन म्हणतात आणि दाराला मानस. गोव्यात सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे, आणि गावकरी ही जुनी ग्रामसंस्था तिची व्यवस्था पाहत असे. मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली खारभूमीचे कायदे झाले, आणि पुष्कळ बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली.

या बांधांचा शत्रू दरवेळी वादळच असते असे नाही. खेकड्याचे बीळही पुरते. बिळातून पाणी झिरपते, माती वाहते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेथेच खांड पडते. म्हणून पूर्वी शेजारीपाजारी मिळून पावसाळ्याआधी बांधावरून चालत, बिळे बुजवीत, माती चढवीत. जमीन कोणाची, राबणार कोण आणि बांध कोणी राखायचा, हे ठरलेले असे. ते ठरणे मोडले, तरुण शहराला गेले आणि बांध बेवारशी झाला. एकदा खारे पाणी शिरले की जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. ताजमहालाचे जे झाले तेच येथे होते.

समुद्र का चढतो?

आता एक नवी अडचण आली आहे. कोळसा आणि तेल जाळून हवा तापली. तापलेले पाणी फुगते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढत होती. धूर फार झपाट्याने कमी केला तरी हे शतक संपेपर्यंत आणखी एक-दोन फूट वाढ अपेक्षित आहे. न केल्यास ती तीन फुटांवर जाऊ शकते.

वीतभर पाण्याने काय होते, असे कोणी म्हणेल. बांधाची उंची आजोबांच्या वेळच्या उधाणाला बेतलेली असते. पाणी वीतभर चढले की वर्षात कधीतरी येणारे उधाण वारंवार बांधावरून येऊ लागते. उघाडीचे दारही कमी वेळ उघडते आणि पावसाचे पाणी आत तुंबते.

विहिरीचेही तसेच. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. उलट, उपसा करून ती पातळी एक फूट उतरवली, तर खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. टँकरवाल्याला पाणी विकणारा फक्त स्वतःचे पाणी विकत नाही, साऱ्या आळीचे विकतो. वसईच्या बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील 'हरित वसई' चळवळीने तेथील पाणी आणि हिरवळ वाचवण्याचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडला होता.

मचूळ पाणी प्रकृतीलाही बाधते. रोजच्या पाण्यातून मीठ पोटात जाते आणि रक्तदाब वाढतो. गर्भवती स्त्रियांनी विशेष जपावे. पाणी उकळून खारेपणा जात नाही, उलट वाढतो. अशा ठिकाणी पावसाचे पाणी छपरावरून टाकीत साठवावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे आणि पिण्यापूर्वी उकळावे.

मग उत्तर काय?

घराबाबत मी त्यांना सांगितले की यंदा पन्हळ, उतार आणि मोरी दुरुस्त करा, सिमेंट खरवडून काढा, भेगेवर पट्टा लावा आणि एक पावसाळा पाहा. पाडायचे काम केव्हाही करता येते, पण पाडलेले परत येत नाही.

शेताबाबत सांगितले की मेव्हण्याला एकट्याने खांड बुजवू देऊ नका. सगळ्या खातेदारांनी मिळून खारभूमी कार्यालयात अर्ज करावा, बांध नव्या उधाणाच्या मापाने उंच करून मागावा आणि बाहेरची तिवरे तोडू देऊ नयेत, कारण लाटेचा पहिला मार तीच झेलतात. पावसाचे गोडे पाणी वाफ्यात कोंडून ओहोटीला सोडावे, म्हणजे क्षार धुतले जातात. तोवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' भातजाती लावाव्यात, त्या खार सोसतात.

हेही मी लपवले नाही की काही ठिकाणी समुद्र बांधाला जुमानणार नाही. तेथील कुटुंबांना एक दिवस उठावे लागेल. ते उठणे रात्री पाणी घरात शिरल्यावर व्हावे, की आधी ठरवून, जमीन आणि मोबदला मिळवून, शेजार सोबत घेऊन व्हावे, हे मात्र आज गाव एकत्र बसते की नाही यावर आहे.

त्यांनी विचारले, "आणि फादर, वर्षातून किती दिवसांचे काम?" भिंतीला दोन दिवस, बांधाला चार. पावसाळ्याआधी.