कडाक्याची थंडी आणि उपाशी बॅटरी

हात समोर ताठ धरा आणि अंगठा आडवा करा. त्या अंगठ्याची रुंदी म्हणजे आकाशातले साधारण दोन अंश. अलास्कातल्या फेअरबँक्सला २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून एवढाच वर येतो! दिवस पावणेचार तासांचाही नसतो. त्याच दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो. फेअरबँक्सच्या आसपासच्या जंगलात वीजमंडळाची तार न पोचलेल्या लाकडी केबिन आहेत. तिथले लोक सोलर पॅनेल, बॅटऱ्या आणि जोडीला जनरेटर यांवर हिवाळा काढतात, आणि त्यासाठी काय काय सांभाळतात ते ऐकण्यासारखं आहे.

गोठते ती रिकामी बॅटरी

पहिला धक्का हाच. थंडीनं बॅटरी मरते असं आपण समजतो, पण भरलेली बॅटरी थंडीला सहसा दाद देत नाही. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरला असते तीच लेड-ॲसिड बॅटरी घ्या. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये शोधलेली ही जात अजून जगभर राबते आहे. ती पूर्ण चार्ज असेल तर आतलं ॲसिड इतकं तीव्र असतं, की पारा उणे ५० वर गेला तरी ते गोठत नाही. पण बॅटरी उतरत गेली की ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि डब्यात उरतं जवळजवळ पाणी. मग उणे ७ ते १० अंशांतच त्याचा बर्फ व्हायला लागतो. बर्फ फुगतो, डब्याच्या भिंतींना पोट येतं, प्लेटा वाकतात, प्लास्टिकला बारीक चीर जाते. बर्फ आहे तोवर बाहेर काहीच गळत नाही. वसंतात तो वितळला, की ॲसिड फळ्यांवर ओघळतं आणि तेव्हा कुठे कळतं.

म्हणून तिथला जाणता माणूस व्होल्टेजवर विसंबत नाही, हायड्रोमीटरनं ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, बघतो. १.२६५ च्या आसपास असेल तर निर्धास्त. १.१२ म्हणजे बॅटरी संपली, आणि त्या थंडीत गोठायच्या बेतात आली.

आता याचीच दुसरी बाजू. केबिन हिवाळाभर बंद ठेवायची असेल, तर बॅटरी गच्च भरायची आणि वायर काढून ठेवायच्या. थंडीत बॅटरीचं आपोआप उतरणं फार मंदावतं, त्यामुळे कित्येक महिन्यांनंतरही ती बरीचशी भरलेली मिळते. घात करतो तो चालू राहिलेला इन्व्हर्टर. नुसता चालू ठेवला आणि रिकामा २० वॅट खात बसला, तरी दिवसाला ४८० वॅट-तास गेले. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे झाले ४० अँपिअर-तास!

पॅनेलला मात्र थंडी मानवते

सोलर पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. सिलिकॉनच्या पॅनेलचं व्होल्टेज दर अंश थंडीमागे साधारण ०.३ टक्क्यानं चढतं. ऐकायला छान, पण यातच एक महागडा सापळा आहे. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो. ४५ व्होल्टची तीन पॅनेलं एकापुढे एक जोडली की १३५ होतात. १५० व्होल्ट झेपणारा चार्ज कंट्रोलर लावून माणूस निवांत होतो. उणे ३० च्या लख्ख सकाळी तेच १३५ जातात १५७ वर आणि कंट्रोलर जळतो. जोडणीचा हिशेब त्या जागच्या सर्वांत थंड सकाळचा धरून करायचा असतो.

बर्फाची एक पट्टी पुरते

पॅनेलवरचा सगळा बर्फ निघाला, फक्त खालच्या कडेला चार बोटं उरला. नुकसान किती? ते पॅनेल उभं लावलंय की आडवं, यावर आहे. ६० सेलच्या नेहमीच्या पॅनेलात सेलच्या तीन माळा लांबीच्या दिशेनं गुंफलेल्या असतात. पॅनेल उभं असेल तर खालची पट्टी तिन्ही माळांना झाकते आणि जवळजवळ सगळी वीज जाते. आडवं असेल तर एकच माळ झाकली जाते, दोन-तृतीयांश वीज येत राहते. पॅनेल तेच, ऊन तेच, फक्त फिरवून लावलं!

त्याहून सोपा उपाय म्हणजे पॅनेल छपरावर न टाकता दक्षिणेच्या भिंतीला सपाट ठोकायचं. बर्फ टिकतच नाही, टेकलेला सूर्य थेट समोर येतो आणि जमिनीवरचा ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त उजेड परावर्तित करतो, त्यातलाही वाटा मिळतो.

जनरेटर सकाळीच का?

डिसेंबरात नुसत्या सूर्यावर भागत नाही, जनरेटर लागतोच. तो रात्री लावावासा वाटतो, पण शहाणपण सकाळी लावण्यात आहे. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते, शेवटच्या २० टक्क्यांना मात्र कित्येक तास लावते. तेव्हा पहाटे जनरेटरनं मोठा घास भरवायचा आणि उरलेलं संथ काम दिवसाच्या फिक्या उन्हावर सोडायचं. इंधन वाचतं आणि बॅटरी काठोकाठ भरते. हा बेत मला फार आवडतो.

आणखी एक बारकावा. गार बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज जास्त लागतं. २५ अंशांना १४.४ पुरत असेल, तर उणे १० ला १५ च्या वर न्यावं लागतं. म्हणून तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगालाच चिकटवायचा. तो शेकोटीजवळच्या उबदार भिंतीवर असेल, तर केबिनच्या जमिनीखाली गारठ्यात ठेवलेली बॅटरी रोज थोडी अर्धपोटी राहते.

लिथियमचा हट्ट

नव्या केबिनमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या येताहेत. या रसायनाची ओळख जगाला करून देणाऱ्या १९९७ च्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. ही बॅटरी अर्धी राहिली तरी तक्रार करत नाही, उणे तापमानात वीजही देते. पण शून्याखाली ती चार्ज करायची नाही! लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून ती माणसांबरोबर घरातच ठेवतात. पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीला घरात घेतलं तर पेटीला बाहेर उघडणारी नळी हवीच, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते.

चंद्रावरही हेच

सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावरच्या ‘प्रज्ञान’ गाडीला रात्रीपुरतं निजवताना इस्रोनंही हेच केलं. बॅटरी पूर्ण भरली आणि पॅनेल पुढच्या सूर्योदयाकडे वळवून ठेवलं. चंद्राची रात्र फार क्रूर निघाली, तो उठला नाही. मंगळावर ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही सौर गाडी हिवाळ्यात उत्तरेकडच्या उतारावर उभी राहायची, कारण ती होती दक्षिण गोलार्धात. वाळूत रुतलेल्या तिच्या जोडीदार ‘स्पिरिट’ला तसं कलता आलं नाही आणि मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही.

फेअरबँक्सला मात्र मार्च-एप्रिल म्हणजे चंगळ. सूर्य वर आलेला, जमिनीवर बर्फ अजून पांढराशुभ्र, पॅनेल थंडगार. भर उन्हाळ्याच्या तोडीची वीज मिळते. पाण्याच्या बॅटऱ्यावाले याच दिवसांत व्होल्टेज चढवून इक्वलायझेशन उरकतात, म्हणजे हिवाळ्यात प्लेटांवर धरलेलं सल्फेट सुटतं. मग झाकणं उघडून प्रत्येक सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचं.