गंजलेली चॅसीस : ठिगळ की खरी दुरुस्ती?



दहावीच्या विज्ञानात आपण 'क्षरण' शिकतो. लोखंडाला गंज चढतो, तांब्यावर हिरवट थर येतो, चांदी काळी पडते. परीक्षेत दोन-तीन गुणांचा प्रश्न येतो, आपण उत्तर लिहितो आणि विसरतो. पण इन्सुलीसारख्या गावात हा धडा कुणाच्या ना कुणाच्या अंगणात चार चाकांवर उभा असतो. आज तो तिथे जाऊन वाचूया.

मे महिन्यात एका पालकांची जुनी जीप हायवेजवळच्या गॅरेजमध्ये लावली होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी खालचं काम करून घ्यायचं होतं. याच जीपमधून वाडीतली सात-आठ मुलं शाळेत येतात. दोन वर्षांपूर्वी चॅसीसला एका जागी पत्रा मारून वर काळा रंग दिलेला होता. मेस्त्रींनी हातोडीने ठोकत ठोकत तपासायला सुरुवात केली. चांगल्या जागी 'ठण्ण' असा आवाज येत होता, पण त्या पत्र्याजवळ 'भद्द' झाला. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला. मेस्त्री म्हणाले, "सर, वरसून बरो दिसता, पण आतून पुरो खाल्लेलो आसा."

रेल म्हणजे काय?

जीप, बोलेरो, सुमो अशा गाड्यांच्या खाली शिडीसारखा सांगाडा असतो. शिडीचे दोन लांब दांडे म्हणजे रेल आणि मधल्या पायऱ्या म्हणजे क्रॉस मेंबर. इंजिन, बॉडी, स्प्रिंगा, स्टिअरिंग सगळं याच सांगाड्यावर बसवलेलं असतं. मारुती ८०० किंवा ओम्नीत अशी वेगळी शिडी नसते. तिथे संपूर्ण बॉडीच भार घेते, पण तिच्या तळालाही पेटीसारख्या पोकळ रेल वेल्डिंग केलेल्या असतात.

एक फूटपट्टी दोन वह्यांवर आडवी ठेवा आणि मधोमध दाबा. पट्टीची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोन चाकांच्या मधल्या भागातल्या रेलचंही असंच होतं. म्हणजे खालच्या कडेला ताण असतो आणि चिखल-पाणीही तिथेच साचतं. दरवाजा गंजला तर गाडी वाईट दिसते. रेल गंजली तर खड्ड्यात आदळल्यावर ती वाकू शकते, स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

गंज नेमका कसा चढतो?

गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन हे तिघं एकत्र यावे लागतात. ओल्या पृष्ठभागावर छोट्या छोट्या विद्युत घटांसारखी रचना तयार होते. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, ते धनाग्र. दुसऱ्या जागी ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात, ते ऋणाग्र. शेवटी तयार होतो तांबूस, भुसभुशीत आयर्न ऑक्साइड, ज्यात पाण्याचे रेणूही असतात. आपल्या जांभ्या दगडाचा आणि तांबड्या मातीचा रंगही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच आहे.

इथे एक गंमत आहे. चिखलाखाली हवा कमी पोचते, मग तिथे गंज कमी चढायला हवा, नाही का? होतं उलटंच. जिथे ऑक्सिजन कमी तिथलं लोखंड धनाग्र बनतं आणि झिजतं. म्हणून भोक पडतं ते चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, नाहीतर रेलच्या आत.

यात मीठ मिसळलं की वेग आणखी वाढतो. मिठाच्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि त्यातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. इन्सुली समुद्राला लागून नाही, पण मालवण-वेंगुर्ल्याहून मासे आणणाऱ्या गाड्या बघा. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चॅसीसवर ठिबकत असतं. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस.

आपल्या जिल्ह्यातली अलीकडची आठवण सांगतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. कारणं अनेक सांगितली गेली, पण नट-बोल्ट गंजत असल्याचं बांधकाम विभागाने काही दिवस आधी पत्राने कळवलं होतं. खाऱ्या हवेत जोडाची जागा सर्वात आधी तपासायची, ती यासाठीच.

नुसतं ठिगळ का चालत नाही?

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. गंजावरच पत्रा मारला तर आत ओल कोंडते, गंज फुगतो आणि नवा पत्रा आतून उचलला जातो. शिवाय वेल्डिंगला धरायला खाली चांगलं लोखंडच नसतं. पुट्टी किंवा फायबर भरून भोक बुजतं, पण त्यातून भार पुढे जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दोष दिसेनासा होतो. त्या जीपचा मालक दोन वर्षं निर्धास्त होता, कारण वरून सगळं ठीक दिसत होतं.

खरी दुरुस्ती कशी करतात?

१. बॅटरीची वायर काढतात. पेट्रोल-डिझेलची टाकी आणि नळ्या बाजूला घेतात. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.

२. गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. कापण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवतात.

३. तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने रंग-चिखल काढून गंज कुठवर गेला आहे ते शोधतात. मग चकचकीत, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत कापतात. भोक रुपयाएवढं असलं तरी कधी कधी वीतभर तुकडा काढावा लागतो.

४. पुठ्ठ्याचा साचा करून त्याच जाडीच्या पोलादाचा तुकडा वाकवतात. जोड सरळ उभा न ठेवता तिरपा ठेवतात, म्हणजे सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. गरज असेल तिथे बाहेरून किंवा आतून आधाराची पट्टी देतात.

५. एका दमात लांब वेल्डिंग करत नाहीत. थोडं इथे, थोडं पलीकडे, मध्ये थंड होऊ देत. नाहीतर उष्णतेने रेल वाकते. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग बरं पडतं. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना पांढरा धूर येतो, तो विषारी असतो. आधी जस्त घासून काढायचं आणि जागा हवेशीर ठेवायची.

६. कर्ण पुन्हा मोजतात. मग जस्तयुक्त प्रायमर, सांध्यांना सीलर, वर रंग आणि पोकळीच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल. पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवायची!

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चॅसीस नंबर रेलवर कोरलेला असतो, तो कापायचा किंवा घासायचा नाही. आणि नवीन गाड्यांत उच्च ताकदीचं पोलाद असतं, ते तापलं की कमजोर होतं. तिथे कंपनीने सांगितलेली पद्धतच वापरावी लागते.

दुरुस्ती की निरोप?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेव्हा तपासणी होते. पण तपासणीची वाट कशाला पाहायची? गंज एकाच जागी असेल तर दुरुस्ती परवडते. स्टिअरिंगचा गिअर बॉक्स, स्प्रिंगांचे ब्रॅकेट आणि दोन्ही रेल अशा सगळीकडे खाल्लेलं असेल, तर गाडीवर कितीही माया असली तरी तिला निरोप द्यावा. त्या जीपची एकच रेल गेली होती. जुनं ठिगळ काढून हातभर तुकडा बदलला. काम चार दिवस चाललं आणि तेवढे दिवस मुलं एसटीने आली.

घरी काय करता येईल?

पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि पाऊस संपला की एकदा गाडीच्या खालचा चिखल गोड्या पाण्याने धुवा. पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा.

करून पहा

तीन सारखे खिळे घासून स्वच्छ करा. एक कोरड्या कापसात, दुसरा साध्या पाण्याने ओल्या केलेल्या कापसात, तिसरा मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या कापसात गुंडाळा. ओले कापूस वाळू देऊ नका. आठ दिवसांनी उघडून निरीक्षणे वहीत लिहा.

विचार करा

१. तिसऱ्या खिळ्यावरचा गंज न काढता वरून रंग दिला तर महिन्याभराने काय दिसेल?

२. रेलमधली पाणी जायची भोकं वेल्डिंग करून बुजवली तर गाडीचं आयुष्य वाढेल की घटेल? कारण लिहा.

वेल्डिंग आणि कापण्याचं काम स्वतः करायचं नाही, ते जाणत्या मेस्त्रींचं. पण गाडी गॅरेजमध्ये नेली की बाबांना एवढं नक्की सांगा, "रंग मारायच्या आधी आतलं लोखंड मला दाखवा."