घर ठेक्याने द्यावे की स्वतः उभे राहून बांधावे?

प्लॉट आहे, थोडी शिल्लक आहे, बाकीचे कर्ज मिळणार आहे. आता काम मालासकट ठेकेदाराला द्यायचे, की माल स्वतः आणून गवंड्याकडून मजुरीवर करून घ्यायचे? स्वतः केले तर ठेकेदाराचा नफा वाचतो, असे सगळेच सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे दर घालून तो पुन्हा करा. समजा, घर 800 चौरस फुटांचे आहे. ठेकेदार मालासकट 1,800 रुपये चौरस फूट सांगतो, म्हणजे 14,40,000 रुपये. स्वतः केल्यास माल आणि मजुरी मिळून 12,60,000 होतील असे दिसते. वाचले 1,80,000. पण नोकरी किंवा दुकान सांभाळून काम करायचे, म्हणून ते 5 महिने लांबले. तेवढ्या महिन्यांचे घरभाडे, दरमहा 8,000 प्रमाणे, 40,000. उचललेल्या 8 लाखांच्या कर्जावर 9 टक्क्यांनी दरमहा 6,000 व्याज, म्हणजे 30,000. बिनपगारी रजा 20 दिवस, 900 रुपये रोज धरून 18,000. सळई आणि स्लॅब तपासणाऱ्या इंजिनिअरची फी 25,000. एकूण 1,13,000. हाती उरले 67,000. वाया गेलेली वाळू आणि रात्रीत नाहीशी झालेली सळई यात धरलेली नाही.

घरातले कोणी रोज साइटवर थांबू शकत असेल, तर हे 67,000 मिळवण्यासारखे आहेत. कोणी नसेल, तर ते कागदावरच राहतात.

स्वतः बांधणार असाल तर भाव वाढतील या भीतीने सगळे सिमेंट एकदम भरू नका. ते ओल धरते. 3 महिने पडून राहिलेले सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. लागेल तसे आणा आणि प्रत्येक गाडीची पावती जपा.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये तर हा प्रश्नच नाही. तिथे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमता येत नाही. अनुदान कामाच्या टप्प्यांप्रमाणे थेट खात्यात येते.

ठेकेदाराला देणार असाल तर चौरस फुटाच्या दरावर भाळू नका. त्या दरात काय नाही, ते आधी विचारा. जोत्यातला भराव, पाण्याची टाकी, शौचालयाची टाकी, कुंपणाची भिंत, विजेचे मीटर या गोष्टी बहुधा बाहेरच असतात आणि पुढे ‘जादा काम’ म्हणून बिलात येतात. जिना आणि गच्ची मोजमापात कशी धरली, तेही लिहून घ्या. सिमेंट व सळई कोणत्या कंपनीची, नळ आणि फरशी किती रुपयांपर्यंतची, हे करारात हवे. ठेकेदाराची जीएसटी नोंदणी असेल तर मालासकट कामावर 18 टक्के कर लागतो; सुट्या एका घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर तो माफ आहे. सांगितलेला दर कर धरून आहे की सोडून?

सर्वात जपायची गोष्ट म्हणजे हप्ते. कामाच्या पुढे पैसा गेला की ठेकेदाराला तुमच्या साइटवर येण्याची घाई उरत नाही. बँकसुद्धा कर्ज एकरकमी देत नाही, काम पाहून टप्प्याने देते. तुम्हीही तसेच करा: जोते झाल्यावर, लिंटलपर्यंत आल्यावर, स्लॅब पडल्यावर, गिलावा झाल्यावर. शेवटचे 5 ते 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा आणि ही अट करारातच घाला. गच्ची गळते की नाही, हे पावसातच कळते.

पैसे रोख देऊ नका. चेकने किंवा खात्यातून पाठवा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ मानली आहे. त्यामुळे निकृष्ट किंवा अर्धवट कामाची तक्रार 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तेव्हा करार आणि बँकेतली नोंद हाच तुमचा पुरावा असतो.