बदकांच्या घरट्यांचे व पिल्लांचे संरक्षण

वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशी या नद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या निपाणी-बेळगाव परिसरात ऊस व तंबाखू ही पैशाची पिके आहेत. परंतु परसातील कोंबड्या-बदकांचे मोल घरच्या स्त्रीलाच अधिक ठाऊक असते. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती येतात व मुलांच्या ताटात सकस अन्न पडते. मात्र अंड्यांवर बसलेली मादी आणि नुकतीच बाहेर आलेली पिल्ले फार असहाय असतात. महिनाभराची मेहनत एका रात्रीत वाया जाते. हे नुकसान बहुतांशी टाळता येते व त्यासाठी कोणत्याही प्राण्यास मारावे लागत नाही.

धोका केव्हा असतो?

कोंबडीची अंडी २१ दिवसांत उबतात, तर बदकाच्या अंड्यांना सुमारे २८ दिवस लागतात. म्हणजेच धोक्याची मुदत एका आठवड्याने वाढते. मादी दिवसातून एकदोनदा चारापाण्यासाठी उठते, तेवढ्यात कावळे अंडी फोडतात. रात्री ती जागची हलत नाही आणि हीच तिची निष्ठा तिच्या जिवावर बेतते.

खाकी कॅम्पबेल जातीची मादी उत्तम व्यवस्थेत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पण ती सहसा उबवणीस बसत नाही. तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. एका कोंबडीखाली ८ ते १० अंडी पुरेत. अशा कोंबडीसही पुढे सांगितलेलेच संरक्षण द्यावे.

शत्रूची ओळख

नुकसान झाल्यावर खुणा पाहाव्यात. अंडी टरफलांसह नाहीशी झाली असल्यास सापाचा संशय घ्यावा. अंड्यास टोचून भोक पाडलेले असल्यास ते बहुधा कावळ्याचे काम असते. मुंगूस शिरल्यास एकाच वेळी अनेक पक्षी मान चावलेल्या स्थितीत आढळतात. मांजर पिल्लू उचलून नेते, घूस ते बिळात ओढते. उसाच्या फडातील कोल्हा व रानमांजर, तसेच गावातील मोकाट कुत्री अंधार पडल्यावर येतात. घार व शिक्रा दिवसा झडप घालतात.

घरटे कसे असावे?

बदके पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत बहुतेक अंडी घालतात. त्यामुळे नऊपूर्वी त्यांना बाहेर सोडू नये. लवकर सोडलेली मादी कुंपणात किंवा उसात चोरून अंडी घालते व तेथेच बसते. अशी मादी परत येईलच याचा भरवसा नसतो.

तीन माद्यांमागे १२ इंच रुंद, १२ इंच उंच व १८ इंच खोल असा एक खोका खुराड्यात ठेवावा. त्यात कोरडे गवत घालावे. खुराड्याचा पाया दगडी असावा. खिडक्यांना अर्ध्या इंचाच्या छिद्रांची मजबूत तारेची जाळी लावावी. मोठ्या छिद्रांतून साप व उंदीर आत येतात. पाया कच्चा असल्यास जाळी एक फूट जमिनीत गाडावी. दारास बाहेरून पक्की कडी असावी. सांडलेले धान्य रात्री आत राहू देऊ नये, कारण धान्यास उंदीर व उंदरांमागे साप येतात. सभोवतालचे गवत व लाकडांचे ढीग दूर करावेत.

तंबाखूच्या वखारीत किंवा शेतावर कामास जाणाऱ्या स्त्रियांना परतण्यास संध्याकाळ होते. म्हणून दिवे लागण्यापूर्वी पक्षी मोजून आत घेण्याचे काम घरातील एका माणसाकडे नेमून द्यावे.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

या काळात पिल्ले वरून जाळी घातलेल्या आवारात ठेवावीत. थोड्या पिल्लांसाठी वजन ठेवलेले डालगे दिवसा उपयोगी पडते. रात्री मात्र ते पुरत नाही. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांच्या पिसांना बदकाच्या अंगचे तेल मिळत नाही. ती लवकर भिजतात व गारठून मरतात. म्हणून त्यांना ओढ्यात वा तळ्यात सोडू नये. चोच नाकपुड्यांसह बुडेल एवढे पाणी उथळ भांड्यात द्यावे.

पावसाळ्यातील दक्षता

२०१९ व २०२१ च्या पुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. अशा वेळी साप व उंदीरही उंच जागेचा आसरा घेतात. नदीकाठच्या गावांनी खुराडी उंचवट्यावर बांधावीत आणि पाणी चढू लागताच जाळी व फटी पुन्हा तपासाव्यात.

विषप्रयोग टाळावा

कीटकनाशक लावलेले मांस टाकणे हा घातक उपाय आहे. त्याने गावची कुत्री-मांजरे मरतात व लहान मुलांनाही धोका पोहोचतो. शिवाय मुंगूस, कोल्हा, घोरपड, नाग व धामण या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. धामण व मुंगूस शेतातील उंदीर खाऊन पिकाचे रक्षण करतात. खुराड्यात साप आढळल्यास दूर राहून वनखात्यास कळवावे.

खर्चाचा विचार करता जाळी व कडी यांची किंमत एका हंगामातील पिल्लांच्या किमतीपुढे फार नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून बसवलेली अंडी, निघालेली पिल्ले व चार आठवड्यांनंतर उरलेली पिल्ले यांची नोंद ठेवून घ्यावी. अशा तीन आकड्यांवरून नुकसान कोठे होते ते घरोघरी स्पष्ट होईल. पक्षी खुणांशिवाय मरत असल्यास रोगाची शंका घेऊन नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.