कोंबडीचे खाद्य आणि आजोबांचे ताट

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण कमी करण्याकडे जगभरच्या कुक्कुटपालनाचा कल वाढत आहे. हे कानावर पडले की घरातील वृद्धांची काळजी वाहणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका येते : कोंबडीलाच प्रथिने कमी मिळाली, तर डॉक्टरांनी आजोबांना प्रथिनांसाठी म्हणून सांगितलेल्या चिकनमध्ये ती उरतील काय? उरतील. मात्र हे कसे घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

ब्रॉयलरचे खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड यांचे असते. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकानुसार अगदी लहान पिलांच्या खाद्यात २३ टक्के, तर शेवटच्या टप्प्यात २० टक्के प्रथिने असावीत. हा आकडा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. गरजेपेक्षा अधिक प्रथिने पोटात गेली, तर पक्षी ती साठवू शकत नाही. त्यांतील नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. कोंबडीच्या विष्ठेत दिसणारा पांढरा भाग तो हाच. ओल मिळाली की जंतू त्याचे अमोनियात रूपांतर करतात.

रत्नागिरी जिल्ह्यात ओलीला तोटा नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. झोड आत येऊ नये म्हणून शेडचे पडदे खाली सोडावे लागतात, आणि खाली अंथरलेले भाताचे तूस वाळतच नाही. अशा गादीवर पक्ष्यांच्या तळपायांना जखमा होतात, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो. कोकणात तरुण मुले मुंबईला असतात, आणि घराला लागून असलेली शेड बहुधा साठी ओलांडलेले आईवडीलच सांभाळतात. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्या माणसाने त्या हवेत दिवसातून चार वेळा जाणे ही किरकोळ बाब नव्हे. खाद्यातील प्रथिनांचा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वप्रथम या फुप्फुसांचा आहे.

प्रथिने कमी करायची कशी, याचे उत्तर आपल्या वरण-भातात आहे. तांदळात लायसिन हे अमायनो आम्ल अपुरे असते, डाळीत मेथिओनिन अपुरे असते. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मका आणि सोयाबीन यांची जोडीही तशीच आहे. तरीही मेथिओनिन कमी पडते. ते केवळ पेंडीतून पुरवायचे तर पेंड वाढवावी लागते, आणि बाकीची अमायनो आम्ले नाहक जास्त होतात. त्याऐवजी मेथिओनिन, लायसिन आणि थ्रिओनिन स्वतंत्रपणे, चिमटीच्या मापाने मिसळली, तर पेंड कमी करता येते. खाद्यातील प्रथिने एका टक्क्याने उतरली, की बाहेर पडणारा नायट्रोजन साधारण आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. पेंडीतील पोटॅशियम कमी झाल्याने पक्षी पाणीही कमी पितात, आणि गादी त्या मानाने कोरडी राहते. शिवाय पेंड महाग आहे. २०२१ साली तिचे भाव इतके भडकले, की केंद्र सरकारला बारा लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली होती.

अर्थात यालाही मर्यादा आहे. तीन-चार टक्क्यांपलीकडे गेल्यास वाढ खुंटू लागते आणि पोटात चरबी साठते. म्हणून शेडमालकांनी तयार खाद्यात परस्पर भाताचा कोंडा मिसळून ‘प्रथिने कमी केली’ असे समजू नये. ती पक्ष्यांची उपासमार ठरते. करारावर पक्षी वाढवणाऱ्यांच्या हाती खाद्याचा निर्णय नसतोच. त्यांनी निदान तूस वरचेवर हलवावे, भिजलेले काढून टाकावे आणि शेडमध्ये शिरण्यापूर्वी पडदे थोडा वेळ वर करावेत.

आता मांसाकडे वळू. स्नायूंची घडण आनुवंशिकतेने ठरलेली असते. अमायनो आम्ले कमी पडली तर पक्षी मांस कमी बांधतो, पातळ प्रथिनांचे मांस बांधत नाही. कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात २१ ते २३ ग्रॅम प्रथिने असतात. खाद्यामुळे बदलते ती चरबी, आणि पोटातील तो पिवळा गोळा व कातडी विक्रेत्याकडूनच काढून घेता येते. (ब्रॉयलरला वाढीसाठी संप्रेरकांची इंजेक्शने देतात, ही समजूतही निराधार आहे. ती वाढ निवड-पैदाशीची आणि खाद्याची.)

कोंबडीला लागू पडणारी काटकसर वृद्धांना मात्र लागू पडत नाही. निरोगी प्रौढासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना रोज ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. डायलिसिस सुरू नसताना ते कमी ठेवतात, सुरू झाल्यावर वाढवतात.

आपल्याकडे आजाऱ्याला अळणी पाणी द्यायचे आणि मांस घरातील धडधाकटांनी खायचे, अशी रीत आहे. त्या पाण्याने घसा शेकतो, तोंडाला चव येते, पण प्रथिने बहुतेक भांड्याच्या तळाशी मांसातच राहतात. दात नसतील तर बिनहाडाचे मांस अगदी मऊ शिजवून, बारीक तंतू करून मऊभातात कालवावे. रविवारी एकदम पोटभर वाढण्यापेक्षा शिजवण्यापूर्वी पन्नास-साठ ग्रॅम भरेल एवढेच घ्यावे, आणि त्या दिवशीच्या इतर जेवणांत अंडे, घट्ट वरण किंवा दही असू द्यावे.