वंशावळीचें मूळ आणि शेंडा

वंशावळीचें जुनें बाड हातीं आलें कीं संग्राहक प्रथम मूळपुरुषाचें नांव शोधतो. आमच्या मतें त्यानें प्रथम शेवटचें नांव पाहावें. वंशावळ पूर्वजांची असली तरी ती लिहविणारा वंशज असतो आणि त्याची निकडच तींत उतरलेली असते.

आमच्या कन्नडाहून छत्रपती संभाजीनगराकडे जातांना वेरूळ लागतें. तेथील दशावतार लेण्यांतील (क्र. १५) शिलालेखांत राष्ट्रकूटांची वंशावळ दंतिवर्म्यापासून सुरू होऊन सहाव्या पिढींत दंतिदुर्गापर्यंत येते. या दंतिदुर्गानें इ. स. ७५३ च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. शस्त्रबळानें राज्य मिळविणाऱ्यास आपलें कुळ लोकांपुढें मांडणें अगत्याचें होतें. पुढें तिसऱ्या कृष्णाच्या देवळी ताम्रपटांत (शके ८६२) हेंच घराणें यदुवंशांतील सात्यकीच्या शाखेचें म्हटलें आहे. राज्य वाढलें, तसें मूळही खोल गेलें.

युरोपांतही हेंच घडलें. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या आज्ञेवरून आल्ब्रेख्ट ड्यूरर व त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘मानाची कमान’ हें प्रचंड चित्र सिद्ध केलें. त्यावर १५१५ हें वर्ष आहे. तें शेंकडों लांकडी ठशांनीं छापलेलें असून सुमारें साडेतीन मीटर उंच आहे. त्याच्या मध्यभागीं सम्राटाचा वंशवृक्ष असून बुडाशीं ट्रॉय नगरी स्त्रीरूपानें दाखविली आहे. शिलालेख जागेवरच राहतो. छापील वृक्ष मात्र नगरोनगरीं धाडतां येत होता.

वेरूळाशीं संबद्ध असलेल्या भोसले घराण्याची एक शाखा तंजावरास राज्य करीत होती. तेथील दुसऱ्या सरफोजीनें १८०३ सालीं बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. त्याचें दत्तविधान एकदां अमान्य ठरून पुढें मान्य झालें होतें; शिवाय १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राज्य हातीं उरलें नव्हतें. वंश उरला होता, तो त्यानें शिळेवर ठेविला.

म्हणून असे कागद खोटे समजून टाकूं नयेत. मूळपुरुषाविषयीं त्यांची साक्ष दुबळी असते, लिहविणाऱ्याविषयीं मात्र बळकट. नक्कल करतांना शेवटचें नांव, अक्षराचें वळण, शिक्का व बाड कोणत्या कागदांसमवेत सांपडलें, हें सर्व टिपून ठेवावें. दप्तरांतून सुटें काढलेलें पान संग्रहीं येतें. पण तें कां लिहिलें गेलें, हें त्या दप्तरांतच राहून जातें.